न दुखणारी जखम आणि महागडं जेल

वाचकाचं पत्र : माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. १५ वर्षांपासून मधुमेह आहे. चार महिन्यांपूर्वी उजव्या तळपायाला, अंगठ्याच्या मुळाशी जिथे घट्टा होता तिथेच जखम झाली. आकार नाण्याएवढा, कडा जाड आणि पांढरट. दुखत अजिबात नाही, त्यामुळे त्या दिवसभर काही ना काही करत घरात हिंडत असतात. मी सकाळ-संध्याकाळ हायड्रोजन पेरॉक्साइडने धुते आणि वाळावी म्हणून उघडी ठेवते. याच काळात माझा मुलगा सायकलवरून पडला. गुडघा चांगलाच सोलवटला होता, पण बारा दिवसांत खपली पडून मोकळा झाला. मग आईंचीच जखम का भरत नाही? ओळखीतल्या एकांनी ग्रोथ फॅक्टरचं जेल सुचवलंय. ते महाग आहे, तीन ट्यूब एकदम घेतल्या तर थोडं स्वस्त पडतं. पण त्याने कॅन्सर होतो असंही वाचलं. हे ग्रोथ फॅक्टर म्हणजे नेमकं काय? जेल आणू का?

उत्तर :

ताई,

जेलबद्दल सांगतेच. पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं: ‘दुखत अजिबात नाही.’ तुम्हाला त्यात दिलासा वाटला असणार. मला मात्र सगळ्या पत्रात तीच गोष्ट काळजीची वाटली. तळपायाला उघडी जखम असताना माणूस त्याच पायावर दिवसभर हिंडू शकतो, याचा अर्थ त्या पायातल्या वेदना सांगणाऱ्या नसा मधुमेहाने बधिर केल्या आहेत. दुखलं असतं तर आईंनी पहिल्याच दिवशी लंगडायला सुरुवात केली असती, पाय आपोआप वाचवला असता. आता पाय वाचवायची आठवण त्यांना कोणीतरी करून द्यावी लागणार आहे.

म्हणून पुढचं वाचण्याआधी त्यांचा पाय चांगल्या उजेडात बघा. जखमेभोवतीची लाली पसरतेय का, पाय सुजलाय का, दुसऱ्या पायापेक्षा गरम लागतोय का, पू किंवा घाण वास येतोय का, एखादं बोट काळपट दिसतंय का, जखमेच्या तळाशी पांढरं, टणक काही दिसतंय का. ताप, थंडी आहे का, एरवी आटोक्यात असलेली शुगर अचानक वाढली आहे का. यातलं एक जरी असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच्या आज रुग्णालयात जा. यातलं काहीच नसलं तरी चार महिने म्हणजे फार झाले. या आठवड्यात मधुमेहाच्या जखमा हाताळणाऱ्या डॉक्टरांना पाय दाखवायचाच आहे.

आता तुमच्या मुलाच्या गुडघ्याकडे वळते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच सुरू होतं.

तो पडला तेव्हा कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटल्या आणि रक्तातल्या प्लेटलेट्स उघड्या पडलेल्या तंतूंना जाऊन चिकटल्या. प्लेटलेट ही आठ-दहा दिवसच जगणारी, केंद्रक नसलेली इवलीशी पेशी. एका मायक्रोलिटर रक्तात त्या दीड ते साडेचार लाख असतात. रक्त थांबवणारी पेशी एवढीच आपली तिची ओळख. पण तिच्या पोटात सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्यात ग्रोथ फॅक्टर आधीपासून भरून ठेवलेले असतात. रक्ताची गुठळी धरता धरता प्लेटलेट त्या पिशव्या जखमेत रिकाम्या करते. गळती बंद करणारीच दुरुस्तीला माणसं बोलावते म्हणा ना. मला शरीरातली ही तजवीज फार आवडते. हाक द्यायला वेगळं कोणी लागत नाही, जिथे रक्त सांडलं तिथे हाक पोचलेलीच असते.

हे कळलं कसं, तेही सांगण्यासारखं आहे. प्रयोगशाळेत पेशी वाढवताना त्यांना रक्त गोठून गेल्यावर वर उरणारं पाणी, म्हणजे सीरम घालतात. १९७४ मध्ये रसेल रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडाच्या रक्तवाहिन्यांतल्या पेशींना दोन प्रकारचं सीरम घालून पाहिलं. एक नेहमीसारखं गोठलेल्या रक्ताचं, दुसरं आधी प्लेटलेट्स काढून टाकून केलेलं. पहिल्यात पेशी भराभर वाढल्या, दुसऱ्यात जवळपास जिथल्या तिथे राहिल्या. दुसऱ्यात प्लेटलेट्समधला ऐवज परत मिसळला की पुन्हा वाढ सुरू. प्लेटलेट्समधून निघणाऱ्या त्या पदार्थाचं नाव पुढे पीडीजीएफ, म्हणजे प्लेटलेट्समधला ग्रोथ फॅक्टर, असं पडलं. तुम्हाला सुचवलेल्या जेलमध्ये बहुधा हाच असेल. ट्यूबवर ‘बेकाप्लर्मिन’ लिहिलं असेल तर तो हाच, जनुकीय तंत्राने यीस्टच्या पेशींकडून बनवून घेतलेला. ईजीएफ नावाच्या, कातडीच्या वरच्या थराला वाढवणाऱ्या दुसऱ्या ग्रोथ फॅक्टरचीही जेल मिळतात. काय हातात आहे ते एकदा वाचून घ्या.

तर ग्रोथ फॅक्टर ही प्रथिनं आहेत, पण आपण खातो त्या अर्थाने नव्हेत. त्यांच्यापासून नवं मांस बनत नाही. ते निरोप आहेत. प्रत्येक निरोप एका ठरावीक प्रकारच्या पेशीसाठी असतो. त्या पेशीच्या अंगावर तो धरणारी जागा असते, तिला ग्राही म्हणतात. निरोप ग्राहीला लागला की पेशीच्या आत एकामागून एक रसायनं जागी होतात आणि ती खबर केंद्रकापर्यंत जाते. मग पेशी उठून चालायला लागते, किंवा दुभंगून दोन होते, किंवा धागे विणायला घेते. ज्या पेशीवर तो ग्राही नाही तिला त्या निरोपाचा पत्ताही लागत नाही. आणि हे निरोप फार अल्पायुषी असतात. काम झालं की ते मोडून टाकले जातात, नाहीतर पेशी वाढतच राहतील. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, कॅन्सरच्या तुमच्या भीतीकडे येताना तो लागणार आहे.

ईजीएफचा शोध तर उंदरांच्या पिल्लांच्या पापण्यांमुळे लागला. स्टॅन्ली कोहेन नसांची वाढ करणारं द्रव्य उंदराच्या लाळग्रंथीतून वेगळं काढत होते. तो अर्क नवजात पिल्लांना टोचला तेव्हा एक भलतीच गोष्ट दिसली. एरवी तेराव्या-चौदाव्या दिवशी डोळे उघडणारी पिल्लं सातव्या दिवशीच डोळे उघडू लागली आणि त्यांचे दातही लवकर बाहेर आले. दुसऱ्या कोणी ते अशुद्ध अर्काचा दुष्परिणाम म्हणून सोडून दिलं असतं. कोहेन त्याच्या मागे लागले आणि त्यांना कातडीच्या वरच्या थराला वाढायला सांगणारा निरोप सापडला, ५३ अमिनो आम्लांचा. नसांच्या ग्रोथ फॅक्टरचा शोध लावणाऱ्या रिटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि कोहेन यांना १९८६ चं नोबेल मिळालं. तोंडातली जखम लवकर बरी होते ती काही अंशी लाळेतल्या अशा द्रव्यांमुळेच. (म्हणून जखमेला थुंकी लावायची नाही. तोंडातले जंतू फार वाईट असतात, मधुमेही पायाला तर नकोच.)

पुन्हा गुडघ्याकडे. पहिल्या काही तासांत जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशी आल्या. लाल, गरम, ठणकणारा गुडघा तुम्ही पाहिला असेल, ती त्यांची धामधूम. दोन-तीन दिवसांत मॅक्रोफेज नावाच्या मोठ्या भक्षक पेशी पोचल्या. मेलेले जंतू, मेलेल्या पेशी, मातीचे कण, सगळं गिळून जागा साफ करतात त्या. पण सफाई उरकली की याच पेशींचा स्वभाव पालटतो. त्या स्वतःच ग्रोथ फॅक्टर सोडायला लागतात. प्लेटलेट्सनी दिलेली पहिली हाक एव्हाना विरलेली असते, आता हाक मॅक्रोफेज देतात. जखम भरण्यातलं सगळ्यात नाजूक वळण मला हेच वाटतं. इथून पुढे गेली ती जखम भरते, इथे अडकली ती महिनोन्‌महिने तशीच राहते.

पुढचं काम भराभर होतं. पीडीजीएफ आणि टीजीएफ-बीटा नावाचा आणखी एक ग्रोथ फॅक्टर यांच्या हाकेला ओ देऊन फायब्रोब्लास्ट पेशी येतात आणि कोलॅजेनचे धागे विणू लागतात. जखमेच्या मध्यात प्राणवायू कमी पडलेला असतो. ती टंचाई ओळखून पेशी व्हीईजीएफ, म्हणजे रक्तवाहिन्या वाढवणारा ग्रोथ फॅक्टर, सोडतात आणि कडेच्या केशवाहिन्यांना त्या दिशेने नवे फुटवे फुटतात. (पेशींना प्राणवायूची टंचाई कळते कशी, हे उलगडणाऱ्या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं.) ड्रेसिंग काढल्यावर तळाशी दाणेदार, ओलसर, लालभडक मांस दिसतं ना, ते म्हणजे हेच नवे धागे आणि नव्या रक्तवाहिन्या. आम्ही ड्रेसिंगच्या खोलीत तो रंग दिसला की एकमेकींना बोलावून दाखवायचो. शेवटी कडेच्या कातडीच्या पेशी ईजीएफ आणि त्याच्या भावंडांच्या सांगण्यावरून त्या लाल थरावरून सरकत येतात आणि मधोमध एकमेकींना भेटतात. तुमच्या मुलाच्या खपलीखाली बारा दिवस हे चाललं होतं.

आईंच्या पायात काय वेगळं घडलं? तुम्हाला वाटतंय, आणि जेल सुचवणाऱ्यांनाही वाटलं असेल, की तिथे ग्रोथ फॅक्टर कमी पडताहेत. अर्धं खरं आहे. मधुमेहात ते कमी बनतात, पण मोठी अडचण ती नव्हे. न भरणाऱ्या जखमेतला स्राव तपासला की त्यात प्रथिनं तोडणारी विकरं (एन्झाइम्स) भरमसाट सापडतात. ताज्या जखमेत ती थोडी असतात, मेलेलं मांस विरघळवायला लागतातही. पण जंतू चिवट थर करून बसलेले असतील, मेलेले पापुद्रे काढलेले नसतील, वरून रोज हजारदा भार पडत असेल, तर पांढऱ्या पेशींची धामधूम थांबतच नाही आणि विकरं येतच राहतात. मग ती नव्याने विणलेलं कोलॅजेन तोडतात आणि ग्रोथ फॅक्टरही तोडतात. निरोप निघतो आणि वाटेतच फाडला जातो. त्यात तिथले फायब्रोब्लास्ट थकलेले, म्हातारे झालेले असतात, निरोप पोचला तरी उठत नाहीत. वाढलेल्या शुगरमुळे प्राणवायूची टंचाई ओळखण्याची यंत्रणाही मंदावते, म्हणजे नव्या रक्तवाहिन्यांची मागणीच नीट नोंदवली जात नाही.

अशा जागी बाहेरून जेल लावलं तर काय होईल, तुम्हीच विचार करा. आणखी निरोप पाठवले, तेही फाडले गेले.

हा माझा तर्क नाही. बेकाप्लर्मिन जेलला अमेरिकेत डिसेंबर १९९७ मध्ये मान्यता मिळाली, ती मधुमेहाने बधिर झालेल्या पायावरच्या, रक्तपुरवठा पुरेसा असलेल्या जखमांसाठी. ज्या चाचणीवर मान्यतेचा मोठा भार होता, तिच्यात २० आठवड्यांत जेल लावलेल्यांपैकी ५० टक्के जखमा पूर्ण भरल्या आणि औषध नसलेलं जेल लावलेल्यांपैकी ३५ टक्के. फरक खरा आहे, मी तो कमी लेखत नाही. पण त्याआधीच्या एका चाचणीचे आकडे केंद्रांनुसार वेगळे करून पाहिले तेव्हा असं दिसलं की जिथे डॉक्टर वारंवार जखम कापून स्वच्छ करत होते तिथे जखमा जास्त भरल्या, आणि ही सफाई क्वचित होत होती तिथे जेल लावूनही फारसं हाती लागलं नाही. जाड पांढऱ्या कडा, मेलेला भाग, घट्टा हे सगळं धारदार हत्याराने काढलं की खाली जिवंत, रक्त येणारं मांस लागतं. त्या रक्ताबरोबर ताज्या प्लेटलेट्स येतात. जुनाट झालेली जखम क्षणभर तुमच्या मुलाच्या गुडघ्यासारखी होते, पहिल्या दिवसाची. आईंच्या जखमेच्या ‘जाड आणि पांढरट’ कडा तुम्ही नेमक्या टिपल्यात. त्या काढून घेणं हे पहिलं काम. घरी ब्लेडने करायचं नाही, डॉक्टरांकडूनच.

आता भाराचं. माझ्या दृष्टीने या पत्राच्या उत्तरात सगळ्यात वजनदार भाग हाच आहे आणि तो औषधाच्या दुकानात मिळत नाही.

आमच्याकडे एक गृहस्थ यायचे. जखम अशीच, अंगठ्याच्या मुळाशी. आम्ही तऱ्हेतऱ्हेची ड्रेसिंग बदलली. एक दिवस मी दारात उभी असताना ते मार्गिकेतून चालत येताना दिसले. ताठ, झपझप, जखमेच्या पायावर पूर्ण भार टाकून. इतके महिने मी त्यांचा पाय फक्त टेबलावर पाहिला होता. चालताना कधी पाहिलाच नव्हता. त्या दिवसापासून मी प्रत्येक रुग्णाला आधी चालताना बघायला लागले.

डेव्हिड आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तीन उपायांची तुलना केली. पायाला घट्ट बसणारं, काढता न येणारं, भार साऱ्या पायावर वाटून देणारं प्लास्टर, काढता येणारा बूट, आणि पावलाच्या पुढच्या भागाखाली तळ नसलेली अर्धी चप्पल. १२ आठवड्यांत प्लास्टर घातलेल्यांच्या सुमारे ९० टक्के जखमा भरल्या, काढता येणारा बूट घालणाऱ्यांच्या ६५ टक्के, अर्ध्या चपलेत ५८ टक्के. प्लास्टर आणि बूट भार जवळपास सारखाच कमी करतात. मग फरक का? याच मंडळींनी नंतर काढता येणारा बूट दिलेल्या रुग्णांची पावलं यंत्राने मोजली. दिवसभराच्या पावलांपैकी जेमतेम २८ टक्के पावलं बूट घालून टाकलेली होती. घरात कोण घालतंय, एवढ्यापुरतं काय, पाणीच तर घ्यायचंय. आईंचं दिवसभर हिंडणं मला इथे दिसतं. त्यांना दोष देऊ नका, न दुखणारा पाय माणसाला फसवतो. पण डॉक्टरांना सरळ विचारा की काढता न येणारं प्लास्टर किंवा बूट यांना चालेल का. रक्तपुरवठा कमी असेल किंवा जंतुसंसर्ग असेल तर ते चालत नाही, म्हणून ती तपासणी आधी. आणि जेलच्या त्या १५ टक्क्यांशेजारी हे आकडे ठेवून बघा.

रक्तपुरवठ्याबद्दल एक बारीक गोष्ट. पावलावरची नाडी लागते का हे डॉक्टर बघतीलच. पण मधुमेहात घोट्याजवळच्या रक्तवाहिन्या कडक होतात, त्यामुळे घोट्याचा रक्तदाब खोटा चांगला येऊ शकतो. पायाच्या बोटाचा दाब मोजणं जास्त भरवशाचं. ‘बोटाचा दाब पाहिलात का’ एवढं विचारायला संकोचू नका. पायात रक्तच पोचत नसेल तर प्लेटलेट्स, मॅक्रोफेज, प्राणवायू, काहीच पोचणार नाही, आणि मग आधी रक्तवाहिनी मोकळी करण्याचा विचार करावा लागेल. जखमेच्या तळाशी सळईने हाड लागतं का हेही ते पाहतील. हाडात संसर्ग गेला असेल तर सगळी योजनाच बदलते.

तुमच्या हातात असलेलं आता सांगते. हायड्रोजन पेरॉक्साइड आजपासून बंद करा. तो फसफसतो म्हणून स्वच्छ होतंय असं वाटतं, पण तो जंतूंइतकाच तुमच्या फायब्रोब्लास्टनाही आणि कातडीच्या पेशींनाही मारतो. दिवसातून दोनदा, चार महिने. तुम्ही काळजीपोटी केलंत, हे मला कळतं. वर्षानुवर्षं सगळ्यांना हेच शिकवलं गेलंय. सलाईनने हलक्या हाताने धुवा, एवढं पुरे.

आणि जखम वाळवू नका. ‘वारा लागला की बरी होते’ हे १९६२ मध्येच खोटं ठरलंय. जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या पाठीवर सारख्या उथळ जखमा केल्या, काही उघड्या ठेवल्या, काही पातळ पॉलिथिनखाली झाकल्या. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर कातडी जवळपास दुप्पट वेगाने आली. कारण उघड आहे. कातडीच्या पेशी सरकत येतात आणि सरकायला त्यांना ओलावा लागतो. कोरड्या खपलीखालून त्यांना ओलावा शोधत खोल वाट काढावी लागते. शिवाय ग्रोथ फॅक्टर त्या ओलाव्यातच विरघळलेले असतात, जखम सुकली की तेही सुकले. मात्र ओलसर म्हणजे चिंब नव्हे. भोवतालची कातडी पांढरी, भिजट व्हायला लागली तर ड्रेसिंग जास्त शोषणारं हवं. कोणतं, ते स्राव किती आहे बघून ठरवतात. म्हणून नाव इथे सांगत नाही. पायावर रक्त पोचत नसल्यामुळे जखम काळी आणि कोरडी पडली असेल तर हा ओलाव्याचा नियम लागू नाही, तिला डॉक्टरांनी सांगेपर्यंत ओलं करू नका.

जेवणात प्रथिनं भरपूर हवीत. निरोप मिळाल्यावर विणायला सूत लागतंच. क जीवनसत्त्व नसेल तर कोलॅजेनच्या धाग्यांना पीळ बसत नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं किती ते डॉक्टर ठरवतील. शुगर आटोक्यात हवी. घरात कोणी धूम्रपान करत असेल तर आईंपासून दूर.

कॅन्सरची भीती. ती निराधार नाही आणि पूर्ण खरीही नाही. पेशींना वाढायला सांगणारा निरोप थांबलाच नाही तर काय, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. माकडांमध्ये गाठी करणाऱ्या एका विषाणूतलं जनुक आणि पीडीजीएफचं जनुक जवळजवळ सारखं आहे हे १९८३ मध्ये दिसलं. हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी १९८६ मध्ये कॅन्सरच्या गाठींना ‘न भरणाऱ्या जखमा’ म्हटलं, कारण गाठ हीच यंत्रणा वापरून स्वतःसाठी रक्तवाहिन्या मागवत राहते. २००८ मध्ये अमेरिकेत औषधांना मान्यता देणाऱ्या एफडीए या संस्थेने बेकाप्लर्मिनवर ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला, कारण एका नोंदींच्या अभ्यासात तीन किंवा जास्त ट्यूब वापरलेल्यांमध्ये कॅन्सरने मृत्यू जास्त दिसले होते. नवे कॅन्सर मात्र जास्त झालेले नव्हते. पुढच्या पाठपुराव्यानंतर २०१८ मध्ये ती चौकट काढली गेली. जिथे जेल लावायचं तिथेच गाठ किंवा कॅन्सर असेल तर ते लावायचं नाही, हे आजही लागू आहे. आईंना पूर्वी कधी कॅन्सर झाला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि महिनोन्‌महिने न भरणारी जखम क्वचित स्वतःच कातडीचा कॅन्सर निघते. तेव्हा जखम विचित्र वाढत असेल, कडा फुगून वर येत असतील, तर कडेचा तुकडा तपासून घ्यायला लाजू नका.

तर जेल आणायचं का? आत्ता नाही. तीन ट्यूब एकदम तर नक्कीच नाही. ते फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, किती लावायचं ते जखमेच्या मापावरून ठरतं आणि जखम लहान होईल तसं ते कमी होतं. रोज एकदा पातळ थर लावून बारा तासांनी धुवायचं आणि उरलेला वेळ फक्त ओलसर पट्टी ठेवायची. दहा आठवड्यांत जखम ३० टक्क्यांनी लहान झाली नाही तर पुढे चालू ठेवण्याचा फेरविचार करतात. इतकी शिस्त लागणारं औषध ओळखीतल्यांच्या सांगण्यावरून घ्यायचं नसतं. स्वतःच्या रक्तातल्या प्लेटलेट्स काढून लावण्याचा उपचारही तुम्हाला कोणी सुचवेल. त्यालाही हेच उत्तर, आधी सफाई आणि भार, मग तो.

उद्या ड्रेसिंग बदलताना जखमेशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि दर आठवड्याला त्याच दिवशी, त्याच उजेडात पुन्हा काढा. सफाई झाली, भार उतरला, जखम ओलसर राहिली, तर चार आठवड्यांत तिचं क्षेत्रफळ निम्म्यावर यायला हवं. आलं तर ती बहुधा बारा आठवड्यांत भरेल, जेलशिवाय. आलं नाही तर ते चार-पाच फोटो घेऊन डॉक्टरांसमोर बसा आणि तेव्हा जेलचा विषय तुम्ही स्वतः काढा. त्या वेळी तो प्रश्न अगदी योग्य असेल.

जखम भरली की आईंना वाटेल सुटलो. भरलेली कातडी तीन महिन्यांनी पूर्वीच्या ८० टक्क्यांपर्यंत मजबूत होते, त्यापुढे फारशी नाही. पाय बधिर आहे तो बधिरच राहणार. भार वाटून देणारी पादत्राणं नंतरही लागतील, घरातसुद्धा. रोज रात्री त्यांच्या तळव्याखाली आरसा धरून बघायची सवय लावा. आणि ताई, डावा पायही बघा. उजव्यावरचा भार उतरवला की तो डाव्यावर जातो.